वीस महिन्यांची लेक, गुडघेदुखीवाल्या साबा (सासूबाई) आणि पुणे ते कुडाळ: गाडी की रेल्वे?

ओसरी | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सासरच्या गावी जत्रा आहे. गाव कुडाळ स्टेशनपासून आत, रिक्षाने वीसेक मिनिटं. लेकीची ही पहिलीच मोठी फेरी. जाणारी माणसं: मी, नवरा, लेक (तेव्हा वीस महिन्यांची असेल) आणि साबा. साबांचे गुडघे कुरकुरतात, वरच्या बर्थचं नावही काढायला नको. आम्ही सिंहगड रोडला राहतो. दोघांनाही सुटी जेमतेम आठवडाभर.

नवऱ्याने आखलेला बेत असा: पहाटे चारला गाडी काढायची, कोल्हापूरला मिसळ, फोंडा घाट उतरून दुपारी गावात. दुसऱ्या दिवशी जत्रा. मग मालवण, किल्ला, तारकर्ली. मग वेंगुर्ला, रेडीचा गणपती, आणि "तिथून गोवा काय, हाकेच्या अंतरावर". परत येताना आंबोली. कागदावर झकास दिसतंय सगळं. लेक मात्र त्या कागदावर फक्त सामानाच्या यादीत आहे.

ती कारच्या तिच्या खुर्चीत बसते, पण पाऊण तासाने बांग द्यायला लागते. दुपारी एकदाच झोपते, साडेबारा ते अडीच, आणि ती झोप हुकली तर संध्याकाळ आमची.

प्रश्न बरेच आहेत, पण मुख्य हा: गाडीने जावं की रेल्वेने? आणि वाटेत तिला खायला काय द्यायचं?

रेल्वेवेडा | सोमवार, रात्री ११:४२

रेल्वे. पुढचा प्रश्न?

बरं, सविस्तर लिहितो. पुण्याहून कुडाळला थेट जाणाऱ्या गाड्या आठवड्यातून मोजक्याच वारी असतात, त्यामुळे तुमची तारीख जुळली तर नशीब. नाही तर एक्स्प्रेस-वेने पनवेल गाठायचं आणि तिथून बसायचं. पर्याय असे:

मांडवी: मुंबईहून सकाळी सातनंतर सुटते, पनवेलला आठ-साडेआठच्या सुमारास. संध्याकाळच्या चहाला कुडाळ. वेळ लागतो, पण दिवसाचा प्रवास आहे आणि या गाडीच्या खाण्याचं लोक नाव काढतात.
जनशताब्दी: लवकर पोचवते, पण पहाटे पाचच्या सुमारास मुंबईहून सुटते. म्हणजे पनवेलला वेळेत पोचायला तुम्ही पुण्यातून रात्री तीन-साडेतीनला निघणार. शिवाय आसनांची गाडी, मूल आडवं करायला जागा नाही.
वंदे भारत: कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरावं लागेल. तीही पहाटेचीच.
कोकणकन्या: रात्रीची. पनवेलला मध्यरात्र उलटते, झोपलेलं मूल आणि सामान घेऊन फलाटावर उभं राहायची तयारी असेल तरच.

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पण माझं ऐका, पूर्ण भाडं भरून तिच्या नावाने बर्थ घ्या. सहा-सात तास मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय ते पनवेल सोडल्यावर कळतं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीचे एकशेवीस दिवस विसरा. जत्रांचा मोसम आणि नाताळ एकत्र येतो, तेव्हा सकाळी आठच्या ठोक्याला बसा.

पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात संपतं, त्यामुळे डिसेंबरात गाड्या पुन्हा नेहमीच्या वेगाने धावतात. तारीख ठरली की वेळा तेवढ्या अ‍ॅपवर बघून घ्या.

गारवा | मंगळवार, सकाळी ८:०५

मी टीम गाडी. पुणे-कुडाळ पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने पुणे-पनवेल वेगळं, मग गाडी, मग पुन्हा रिक्षा. तीनदा चढ-उतर, तीही गुडघेदुखीच्या आईंसोबत. स्वतःच्या गाडीत हवं तिथे थांबता येतं, डायपर बदलता येतो, आणि पोरीने गोंधळ घातला तरी समोरच्या बर्थवरचे काका "आमच्या वेळी मुलं अशी नव्हती" सुरू करत नाहीत.

फक्त एका दिवसात करू नका. दुपारच्या झोपेच्या वेळी निघा, कोल्हापूरला रात्री राहा, सकाळी नाश्ता करून घाट उतरा. हायवेचं रुंदीकरण चालू असल्याने सातारा-कोल्हापूर पट्ट्यात तास-दीड तास सहज वाढतो, तो हिशोबात धरा. फोंडा घाट दाजीपूरच्या जंगलातून उतरतो, उजेडी उतरलात तर डोळ्यांचं पारणं फिटतं.

चाफेकळी | मंगळवार, सकाळी ९:३०

गारवा, मुक्कामाच्या सल्ल्याला +१. पण "दुपारच्या झोपेच्या वेळी निघा" हे सगळ्या मुलांना लागू नाही हो. माझ्या जुळ्यांपैकी एक गाडी सुरू झाली की डुलायला लागतो, दुसरा टोलनाक्यांची संख्या मोजत जागा. ओसरी, आधी लवासा किंवा भोरला जाऊन या. दोन तास लेक कशी वागते बघा, त्यावरून ठरवा.

खाण्याबद्दल: घरात जे खाते तेच. प्रवासात नवा पदार्थ सुरू करायचा नाही. आमचा ठरलेला डबा म्हणजे तूप-मेतकूट कालवलेला मऊभात थर्मासच्या डब्यात, थालीपिठाचे तुकडे, वेलची केळी, आणि कोरडं भाजलेलं नाचणीसत्त्व एका डबीत. गरम पाणी घातलं की तयार. दूध टेट्रापॅकचं न्या, न फोडलेलं पाकीट फ्रिजशिवाय टिकतं. फोडल्यावर मात्र उरलेलं ठेवायचा मोह नको.

टिंबटिंब | मंगळवार, सकाळी १०:१५

एक भाबडा प्रश्न. एवढी यातायात करून न्यायचंच कशाला? वीस महिन्यांच्या मुलीला जत्रा काय कळणार? आईबाबांनी जाऊन यावं, लेक तिच्या दुसऱ्या आजीकडे मजेत राहील. (हलके घ्या.)

माईआजी | मंगळवार, सकाळी ११:००

टिंबटिंब, तिला जत्रा कळणार नाही हे खरं, पण गावच्या पणजीला पणती कळते ना! आमच्या वेळी एसटीने जायचो, मांडीवर एक, कडेवर एक, पायाशी ट्रंक. झालंच की सगळं. तेव्हा सोपं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. पेणच्या पुढे मुलं ओकायला लागायची आणि कंडक्टरच्या शिव्या आयांना. आता सोयी आहेत तर वापरा गं.

ओसरी, साबांना कसं जायचंय ते विचारलंस का?

ओसरी | मंगळवार, दुपारी १:२०

माईआजी, तुमचा प्रश्न वाचून आत्ता विचारलं. साबांचं उत्तर: "मी रेल्वेने जाणार. तुम्ही कसेही या." घाटात त्यांना मळमळतं हे मला आजच कळलं, नवऱ्याला म्हणे लहानपणापासून माहीत होतं.

आता नवऱ्याने नवा तोडगा काढलाय. तो गाडी आणि सामान घेऊन एकटा जाईल, आम्ही तिघी रेल्वेने. म्हणजे तिकडे फिरायला गाडीही हाताशी.

चाफेकळी | मंगळवार, दुपारी १:४५

वा वा. म्हणजे तो एकटा गाणी ऐकत कोल्हापूरला मिसळ खाणार, आणि तू एका हाताने लेक, दुसऱ्या हाताने साबा आणि दातात तिकीट धरणार? नाही म्हणजे नाही. हे वाटप मला मुळीच मान्य नाही.

गारवा | मंगळवार, दुपारी २:१०

मी टीम गाडी असलो तरी इथे चाफेकळीच्या बाजूने. रेल्वेने जायचं असेल तर दोन धडधाकट माणसं हवीतच. पनवेलला गाडी काही मिनिटंच थांबते. एकाने मुलीला घेऊन चढायचं, दुसऱ्याने आईंना हात द्यायचा, आणि बॅगा? हमाल आधीच सांगून ठेवा.

रेल्वेवेडा | मंगळवार, दुपारी ३:००

साबांच्या खालच्या बर्थबद्दल एक बारकावा. ४५ वर्षांवरच्या बायका आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो एकट्या किंवा दोघा प्रवाशांच्या तिकिटावरच चालतो. सगळ्या कुटुंबाचं एक तिकीट काढलं तर हा कोटा मिळत नाही, मग खालचा बर्थ मिळेल की नाही हे नशिबावर. साबांचं तिकीट त्या कोट्यातून वेगळं काढलं तर खालचा बर्थ मिळायची शक्यता चांगली, पण डबा वेगळा येऊ शकतो. दिवसाच्या गाडीत याची फार चिंता करू नका. मांडवीत दिवसा मधला बर्थ खाली पाडलेला असतो, सगळे खालीच बसतात. मी तुमच्या जागी असतो तर एकच तिकीट काढलं असतं. तरी एकदा सरावाने अ‍ॅपवर दोन्ही करून बघा.

डबा थर्ड एसी की स्लीपर? स्लीपरमध्ये खिडकी उघडी, वारा, शेतं, म्हशी, मुलं खूश. पण धूळ, आणि खिडकीच्या गजाला चाटणारं पोर. एसीत काच बंद, पण झोप लागते. डिसेंबरात मी एसीच म्हणेन, आणि अंगावर घ्यायला घरचं दुपटं.

अवांतर: रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. बोगद्यांत एकदम काळोख आणि आवाज होतो, काही मुलं दचकतात. आधी सांगून ठेवा, "आता अंधार येणार, मग उजेड येणार." माझ्या भाच्याने तर त्याचा खेळच केला होता, दर बोगद्याला टाळ्या. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत हे मला तेव्हा फार जड गेलं.

पल्याड | मंगळवार, रात्री ८:५०

मी न्यू जर्सीहून दर हिवाळ्यात वेंगुर्ल्याला येते, मुलगा आता साडेतीन वर्षांचा. विमानाचा पर्याय कुणी सुचवला नाही म्हणून लिहिते. पुणे-गोवा विमान, उतरायचं मोपाला. तिथून सावंतवाडी जवळ आणि कुडाळ साधारण तासा-सव्वातासावर. सिंधुदुर्गातच चिपीचा विमानतळ आहे, पण तिथल्या उड्डाणांचं वेळापत्रक सारखं बदलतं, आधी तपासा.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं, भाडं किरकोळ, पण जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. विमान उतरायला लागलं की तिला दूध किंवा पाणी पाजा, गिळत राहिलं की कानाला त्रास कमी होतो. बाळाचं दूध आणि खाणं सुरक्षा तपासणीत नेऊ देतात, फक्त वेगळं काढून दाखवा.

टिंबटिंब | मंगळवार, रात्री ९:२०

चौघांचं नाताळातलं गोव्याचं विमान भाडं बघितलंत का ताई? तेवढ्यात गावी जत्रेचा मांडव घालून होईल.

पल्याड | मंगळवार, रात्री ९:४०

मांडव तुम्ही घाला, नाव माझं लावा. :)

बालवैद्य | बुधवार, सकाळी ७:१५

व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. इथे तपासल्याशिवाय कुणालाही औषध सांगणार नाही, पण काही सर्वसाधारण गोष्टी.

गाडी लागणं: दोन वर्षांखालच्या मुलांना प्रवासाची मळमळ सहसा होत नाही, ती पुढे शाळेच्या वयात जास्त दिसते. त्यामुळे लेकीसाठी "घाटाची गोळी" मुळीच शोधू नका. मळमळीवर मोठ्यांना देतात त्यातलं प्रोमेथॅझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, श्वास मंदावू शकतो. "थोडंसं दिलं तर झोपेल" हा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा.

गाडीने जायचं झालं तर मूल मांडीवर नाही. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर तर अजिबात नाही. पन्नासच्या वेगात धडक बसली तर दहा-अकरा किलोचं मूल हातात धरून ठेवणं कुणाच्याही ताकदीबाहेरचं आहे. मागच्या सीटवर, तिच्या खुर्चीत, आणि त्या खुर्चीच्या मापात बसत असेल तोवर तोंड मागे करून. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंड ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट.

जुलाब: ओआरएसची पाकिटं घरून न्या. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा आणि जितकं पाणी लिहिलंय तितक्याच पाण्यात अख्खं पाकीट मिसळा. लिटरचं पाकीट अंदाजाने पेल्यात चिमूटभर टाकणं चुकीचं. उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. मूल लघवी करेनासं झालं, डोळे खोल गेले, सुस्त पडलं तर थेट डॉक्टर.

मोबाइल: आमची संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणते, आजीशी व्हिडिओ कॉल सोडून. रेल्वेत सात तास हे पाळताना तुम्हीही माणसं आहात हेही मला माहीत आहे.

आता जे कुणी विचारलेलं नाही ते. तुम्ही सगळे प्रवासावर बोलताय. प्रवास एक दिवसाचा, गावातलं घर चार-पाच दिवसांचं. ओसरीताई, गावच्या घरात विहीर आहे का? कठडा आहे का?

ओसरी | बुधवार, सकाळी ९:५०

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून चहा गार झाला. विहीर आहे, मागच्या दारी. कठडा आहे, पण मला आठवतं त्याप्रमाणे माझ्या मांडीइतका. आणि लेक सध्या प्रत्येक गोष्टीवर चढते.

कुडाळचो_बाबलो | बुधवार, दुपारी १२:३०

बिनधास येवा. बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांचं लक्ष समुद्राकडे असतं, पोराचं लक्ष परसाकडे. येण्याआधी दिराला किंवा जो कोण घरी आहे त्याला फोन करून एवढं सांगा: विहिरीवर लोखंडी जाळी किंवा बांबूचं झाकण. आमच्याकडे सुताराकडून एका दिवसात होतं. न्हाणीघरात पाण्याने भरलेल्या बादल्या, टोप उघडे नकोत. चुलीवरचा पाण्याचा हंडा आणि खालची धगधगती लाकडं, तिथे एक माणूस कायम. पडवी अंगणापासून हात-दीड हात उंच असते, तिथून लहान मुलं हमखास गडगडतात. माळ्याचा जिना बहुतेक घरांत शिडीसारखा उभा असतो, पायथ्याशी खाट आडवी लावा.

अंथरूण घालण्याआधी झटका, चप्पल घालण्याआधी झटका. कोकणात विंचू आहेत, थंडीत कमी दिसतात तरी आहेत. लाकडांच्या ढिगाकडे आणि चिऱ्यांच्या राशीकडे पोरीला जाऊ देऊ नका.

बालवैद्य | बुधवार, दुपारी १:०५

बाबलोंनी विंचवाचं काढलं म्हणून जोडतो. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांमध्ये गंभीर होऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर उपचारांचं चित्र पालटलं. म्हणून मांत्रिक, चुना, कांदा यात वेळ न घालवता सरळ दवाखाना. गावाजवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं हे आधी विचारून ठेवा. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. हे सगळं कागदावर लिहून दारामागे चिकटवा, मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

आणि पाण्याबद्दल: लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि आरडाओरडा न होता. विहीर झाकली म्हणून बादली विसरू नका.

माईआजी | बुधवार, दुपारी ४:१५

हे चांगलं झालं निघालं ते. गावात घर भरलेलं असतं, आणि भरलेल्या घरात प्रत्येकाला वाटतं की पोर दुसऱ्या कुणाकडे आहे. आमच्याकडे यावर उपाय होता. ज्याच्याकडे मूल त्याच्या खांद्यावर मुलाचा पंचा. पंचा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकल्याशिवाय हात मोकळे करायचे नाहीत.

चाफेकळी | बुधवार, दुपारी ४:३०

माईआजी, ही पंच्याची युक्ती वाखुसा (वाचनखूण साठवली)! लग्नघरातसुद्धा वापरेन.

गारवा | बुधवार, सायंकाळी ६:००

बरं, आता त्या बेताकडे येऊ या, मालवण-वेंगुर्ला-रेडी-गोवा-आंबोली. ओसरी, तुमच्या मिस्टरांना माझ्याकडून सांगा, मी गाडीवाला असूनही सांगतोय: हे वीस महिन्यांच्या मुलीचं वेळापत्रक नाही, हे टूर कंपनीचं आहे. एका जागी राहा. एक दिवस मालवण करा, तेही सकाळी जाऊन दुपारच्या झोपेआधी परत, किंवा झोप झाल्यावर तीननंतर.

सिंधुदुर्ग किल्ला मला फार आवडतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला, भर समुद्रातला. पण बोटीत लहान मापाचं लाइफ जॅकेट मिळेलच असं नाही, उन्हात चालावं लागतं, आणि साबा? किनाऱ्यावरूनही तो सुरेख दिसतो. किल्ला कुठे जात नाही. मुलगी पाच वर्षांची झाली की न्या, तेव्हा तिला महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवता येतील.

कुडाळचो_बाबलो | बुधवार, सायंकाळी ७:२०

गारवांना अनुमोदन. मुलगी असेल तर मी सावंतवाडी सुचवेन. कुडाळहून जवळ, मोती तलावाकाठी सपाट रस्ता, साबांनाही चालता येईल. चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, रंगीत फळं-भाज्यांच्या टोपल्या. लहान पोरांना वेड लागतं. फक्त हे वय तोंडात घालायचं, म्हणून शोभेची रंगवलेली नको, आणि सुटे छोटे तुकडे असलेलं काहीच नको. मोठी एकसंध वस्तू घ्या.

गोवा वगळा. डिसेंबरअखेरचा गोवा म्हणजे रस्त्यात उभं राहणं.

जत्रेबद्दल. देवदर्शन संध्याकाळी उजेडात उरका. ओटी भरायची असेल तर रांग लवकर गाठा. दशावतारी नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, ते साबांना आणि मिस्टरांना बघू दे. फटाके वाजतात, मुलीच्या कानाला जपा, नाही तर अंतरावर थांबा. आणि जत्रेत सगळे मालवणी खाजं हातात देतील. गुळात घोळवलेलं ते खाजं मोठ्यांच्या दातांनाही भारी, लहान मुलीला नको. फुटाणे, शेंगदाणेही नकोत.

बालवैद्य | बुधवार, रात्री ८:००

खाजं, फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं: चार-पाच वर्षांपर्यंत नाही. घशात अडकतात. पाहुणे रागावले तर माझं नाव सांगा.

ओसरी | गुरुवार, रात्री १०:४५

मंडळी, काल रात्री घरात बैठक झाली. तुमचे सगळे प्रतिसाद नवऱ्याने स्वतः वाचले. (चाफेकळी, "गाणी ऐकत मिसळ खाणार" हे वाक्य त्याने दोनदा वाचलं.) ठरलं ते असं.

चौघंही मांडवीने. पुण्याहून पनवेलपर्यंत ओळखीच्या चालकाची गाडी, लेकीची खुर्ची त्यात लावायची आणि पुढे बरोबर न्यायची, कारण गावी चुलत दिराची गाडी वापरणार आहोत. खुर्ची उचलायचं काम अर्थातच ज्याने सुरुवातीला पहाटे चारला निघायचं म्हटलं होतं त्याचं. लेकीसाठी वेगळा बर्थ. गोवा, रेडी, आंबोली रद्द. मालवणावर वाटाघाटी झाल्या. एक संध्याकाळ, फक्त किनारा, वाळूत खेळणं, आणि किल्ला लांबून. सावंतवाडी साबांच्या आग्रहाने यादीत आली, त्यांना मोती तलाव बघायचाय.

विहिरीसाठी दिराला फोन केला. तो हसला, "आमची पोरं इथेच मोठी झाली." मी काही बोलायच्या आत साबांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "जाळी बसली की फोटो पाठव." फोटो आजच आला. जाळी आहे, पण एका बाजूने कळशी घालण्याइतकी फट ठेवलीय.

कुडाळचो_बाबलो | गुरुवार, रात्री ११:०५

ती फट बंद करायला सांगा. पाणी काढायचं असेल तेव्हा जाळी उचलावी, मग परत ठेवावी. कळशी जाते तिथे पोराचं डोकं जातं.

ओसरी | गुरुवार, रात्री ११:१२

सांगते. म्हणजे साबांना सांगायला सांगते, त्यांचं ऐकतात.

डायपरचं राहिलं. रेल्वेत बदलायचा कुठे? आणि गावी किती न्यायचे?

चाफेकळी | गुरुवार, रात्री ११:३०

रेल्वेच्या स्वच्छतागृहात नको, तिथे जागाही नाही आणि गाडीचे हेलकावे असतात. बर्थवर मेणकापड, वर जुनी ओढणी, आणि शाल धरायला नवरा. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, कमोडमध्ये अजिबात टाकायचे नाहीत, तुंबतात. एक पूर्ण कपड्यांचा जोड तुझ्यासाठीही हातातल्या पिशवीत ठेव. लेकीसाठी सगळे ठेवतात, आईसाठी कुणी ठेवत नाही.

गावी पहिल्या दोन दिवसांपुरते ने, बाकी कुडाळच्या बाजारात मिळतात. दिवसा घरात सुती लंगोट, ऊन मिळतंच वाळवायला. आणि गावी वापरलेले डायपर परसात पुरू नकोस, ते कुजत नाहीत. साठवून कुडाळला कचऱ्यात.

माईआजी | शुक्रवार, सकाळी ६:४०

एक राहिलं. गावचं दूध म्हशीचं, दाट. लेकीला पिशवीच्या दुधाची सवय असेल तर ती तोंड फिरवेल आणि सगळे म्हणतील, पोर काही खात नाही. पहिले दोन दिवस निम्मं पाणी घालून, उकळून दे. नाही प्यायली तर दही, ताकभात. आणि सकाळची उकड्या तांदळाची पेज वर साजूक तूप घालून. ती कुठलंच मूल नाकारत नाही असं माझं मत.

रेल्वेवेडा | शुक्रवार, सकाळी ८:२०

अभिनंदन! तिकीट निघालं की डब्याचा क्रमांक इथे टाका. पनवेलला डबा फलाटावर कुठे येईल हे अ‍ॅपवर आणि स्टेशनवरच्या फलकावर दिसतं. साबांना त्याच जागी आधी नेऊन बसवा. गाडी आल्यावर फलाटभर पळणं गुडघ्यांना आणि मिस्टरांच्या हातातल्या खुर्चीला झेपणार नाही.

नवी_आई_नागपूर | शुक्रवार, सकाळी ११:५०

धागा पूर्ण वाचला, खूप उपयोगी. माझा मुलगा चौदा महिन्यांचा, नागपूर-पुणे रात्रीच्या गाडीने जायचंय. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

चाफेकळी | शुक्रवार, दुपारी १२:१०

वेगळा काढा ताई, रात्रीच्या गाडीचे प्रश्न निराळे आहेत. लिहिताना मूल किती वेळा उठतं आणि अजून अंगावर पितं का, एवढं आधी लिहा. रेल्वेवेडा तिथे येतीलच.